गाढव जरा पलीकडे

गदारिफच्या शाळेत आता धडे होत नाहीत.
सहावीच्या वर्गात सात कुटुंबं,
फळ्यावर कुणाचातरी अर्धवट भागाकार.
तो कुणी पुसत नाही.

बाबिकर वद मदनीत दुकानांच्या पाट्या रंगवायचा:
कोंबडी, टायर, दातांचा डॉक्टर.
इथं त्यानं ज्वारीची तीन पोती उसवली,
एकाला एक जोडून शिवली,
आणि कोळसा, विटेचा चुरा, शाळेतलाच खडू,
करकदेची फुलं आटवून केलेली लाली
एवढ्यावर रस्ता काढायला बसला.
आम्ही आलो, तो रस्ता.
त्याला सोळा दिवस लागले. आम्हाला नऊ लागले होते.

पडवीत टांगलं तेव्हा
चित्र बघायला कुणीच आलं नाही,
जो तो स्वतःला शोधायला आला.
“ही मी. पण माझा तोब पिवळा होता रे.”
“फ्रीजचं दार कुणी डोक्यावर घेतं का?”
“मी घेतलं होतं,” न्हावी इद्रिस म्हणाला, “सावलीला.”
आधी कुणी हसलं नाही.
मग सगळेच हसले, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ.

हंतूबचा पूल एवढा लांब नव्हता, असं एकजण.
याहून लांब होता, असं त्याचीच बायको.
बतूलनं चहाची किटली खाली ठेवली, विचारलं,
नाक्यावरचे ते कुठंयत, बंदूकवाले?
बाबिकर म्हणाला,
ज्वारीचं पोतं आहे हे. त्यांना यात नाही भरायचं.

सित्तना शेवटी आली,
दुपारी, माणसं पांगल्यावर.
नाकाला कोळसा लागेल इतक्या जवळून
एकेक चेहरा चाचपत गेली
उजवीकडून डावीकडे,
अक्षर न येणारी ती, ओळ वाचावी तशी.
मग एका कडुनिंबापाशी बोट थांबलं.

“मुतवकिल इथं बसला होता.
म्हणाला, तुम्ही व्हा पुढं,
चपलेचा अंगठा तुटलाय, बांधतो आणि येतो.”

बाबिकर कुंचला धूत होता. धूतच राहिला.
“खाला, जागा नाही उरली. झाडाखाली गाढव आहे.”

गाढव होतं खरं.
कुणाचं, ते आम्हाला तेव्हाही कळलं नव्हतं.
मधल्या कुठल्याशा गावापासून आपसूक मागं लागलेलं,
पाठीवर मोकळं खोगीर.
सित्तनानं त्याच्याकडे नीट पाहिलं,
शेजारणीशी बोलायच्या आधी बघावं तसं.

“समजूतदार होतं ते. सरकेल.
जरा पलीकडे घे.”

ओल्या चिंधीनं त्यानं पुढचे दोन पाय पुसले,
मग पोट, मग कान.
तागाच्या धाग्यांत राखाडी डाग राहिला, तो गेलाच नाही,
त्यावरच त्यानं एक गुडघा काढला, वाकलेली मान.
अन् वर न बघता विचारलं,
“चप्पल कुठल्या पायाची?”

“डाव्या,” ती म्हणाली.
आणि कोळसा टेकायच्या आत,
“पण तू धडच काढ.”