दळण

बसवंतनं चिकमंगळूरहून पार्सल धाडलं,
आत चिठ्ठी : सर, कॉफीची पूड आणू नका आता.
बिया ठेवा, प्यायच्या वेळीच दळा,
दळलं की वास उडतो.

खरंय त्याचं. वर्गात शेवटच्या बाकावर असायचा.

पण अंबाजोगाईत, आमच्या दीड खोलीत,
प्यायची वेळ म्हणजे सकाळचे साडेसात,
आणि महानंदा नाइट करून सातला येते,
कधी कधी बूट न काढताच आडवी होते.
मिक्सर लावला तर
भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा थरथरतं.

रात्री ती गेल्यावर दळून पाहिलं.
भांड्याला कारळाच्या चटणीतला लसूण.
सकाळी डबा उघडला, तर पूडच ती,
दुकानातल्यापेक्षा जराशी जाड, एवढंच.

मग खलबत्ता. खाली टॉवेलची घडी,
गच्चीच्या जिन्यात, तिसऱ्या पायरीवर बसून
दोन चमचे बिया,
दातावर दात धरून, हळू.
एक बी उडाली, जिना उतरत गेली
टक्, टक्,
आणि खाली कुठं तरी थांबली.

"काय कुटायलाव?"
दारात ती. ॲप्रनची एक गुंडी सुटलेली.
म्हणाली, पहाटे सात नंबरचा म्हातारा गेला.
हाताचा स्पिरिटचा वास जाईना.
खाली वाकून तिनं खलबत्त्यात नाक घातलं
आणि बराच वेळ वर काढलं नाही.

दुकानातली पूड अजून फळीवर आहे.
पाहुणे आले की तीच.