उणे बासष्ट

आमच्या धंद्यात अधिक असं काही नसतं.
सगळं उण्यात मोजायचं.
उणे ऐंशीला गिऱ्हाईक शिव्या देतं,
उणे सत्तरला कुरकुरतं,
उणे बासष्टला आपल्याला विसरून जातं.
विसरलं की समजायचं, जमलं.

धारूरच्या टेकाडावरून कासारदरा दिसत नाही.
मधे डोंगर बसलाय,
म्हशीनं रस्ता अडवावा तसा.
आणि नुसतं दिसूनही भागत नाही:
दोन तबकड्यांमधल्या हवेला पोट असतं, फुगीर,
ते सगळं मोकळं लागतं.
म्हणून सहा वर्षांपूर्वी सोजरबाईंचं छत मागितलं.
दोन तबकड्या, एक डबा, वीस फुटी पाइप,
बदल्यात नेट फुकट.
त्या म्हणाल्या, नेट घेऊन काय करू,
लाइटबिलाचे अर्धे पैसे दे.
दिले.

तेव्हापासून आठ गावं
त्यांच्या स्लॅबवरून उडी मारून जायची.
उसाच्या फडातून लेकरांना केलेले व्हिडिओ कॉल,
पोलीस भरतीचे फॉर्म, शेवटच्या रात्री, अकरा पन्नासला,
कुणाचा तरी सातबारा, कुणाचं तरी क्रिकेट,
सगळं कुरडयांच्या वरून,
कुरडयांना न शिवता.
बंद पडलं की मी फोन करायचो.
“मावशी, दिवा कोणता लागलाय?”
“तांबडा.”
“वायर काढून परत लावा.”
“लावली. हिरवा झालाय बघ. जेवलास का?”

मोठ्या कंपन्यांत याला मॉनिटरिंग म्हणतात.

यंदा आराखडा नव्यानं काढला,
खाजामियाँच्या पुतणीच्या लग्नपत्रिकेमागं;
तीच हाताशी होती, कागदही जाड होता.
मोहतळ्याच्या पाण्याच्या टाकीवर टॉवर,
तीन दिशांना तीन सेक्टर,
चॅनल असे वाटायचे की
शेजाऱ्याचं शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये.
गावात हे कधी जमलं नाही, हवेत जमवायचं होतं.
लिंब पाच वर्षांत किती वाढेल, ते धरलं.
शेवगा धरला नाही.
शेवगा कुणाच्या हिशेबात बसत नाही.

बदली रात्री दीडला सुरू केली.
खाजामियाँ वर, दातात टॉर्च,
मी खाली जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडून.
चारशे अकरा घरं,
एकेक पत्ता जुन्या वाटेवरनं उचलायचा,
नव्या वाटेवर ठेवायचा,
झोपलेलं मूल या खाटेवरनं त्या खाटेवर ठेवतात तसा.
“थोडं डावीकडं. अजून. हां, तिथंच मरा!”
वरून शिवी आली, उर्दूत, प्रेमळ.
पहाटे चारला आकडा थांबला.
उणे बासष्ट.
बोर्डावरचे आठही ठिपके हिरवे.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.
“तांबडा लागलाय रे.
तीनदा वायर काढून लावली,
हिरवा होईनाच.
माझ्या हातून काही मोडलं तर नाही ना?”

दुसऱ्या दिवशी गेलो, डबा काढायला.
पाना गंजावर घसरत होता.
त्या खाली उभ्या, पदरात नट-बोल्ट झेलत.
“मग आता बंद पडलं तर फोन कुणाला लावशील?”
म्हटलं, आता मोबाइलवरच दिसतं सगळं.
“बरं झालं,” म्हणाल्या,
आणि जरा वेळानं,
“डबा ने. पाइप राहू दे,
त्याला दोरी बांधलीय मी वाळवणाची.”
या महिन्याचे अर्धे पैसे पुढं केले,
तर त्यांनी दिवस मोजून निम्मेच घेतले.

निघताना, सवयीनं,
खिशातलं यंत्र काढून त्यांच्या दारात धरलं.
नव्या टॉवरचा सिग्नल:
उणे अठ्ठ्याऐंशी.
मधे तीच म्हैस.

त्यांनी विचारलं नव्हतं.
मी सांगितलं नाही.