वाव

वाढोण्याच्या जिनात मी काट्यावर होतो,
हस्केल झिराडकर प्रेसवर फिटर.
त्याच्या कमरेला पान्हा, माझ्या कानामागे शिसपेन्सिल,
अन् दोघांच्याही भुवयांवर रुईची लव.
हंगामभर म्हातारे दिसायचो.

शनिवारी तो कामाला हात लावत नसे.
शेठनं चालवून घेतलं,
दुसरा फिटर पुलगावच्या अलीकडे नव्हता.
खोलीच्या उंबऱ्यावर बसायचा
पुस्तक उलटीकडून उघडून.
मी म्हटलं, काहून बाप्पा, शेवट आधी वाचता?
म्हणाला, आमची सुरुवात तिकडूनच येते.

एकदा त्यानं गठाण ओढायचा आकडा उचलला,
लोखंडी, मुठीपाशी झिजून गुळगुळीत.
हे आमचं अक्षर आहे. वाव.
धुळीत काढलं:
एक उभी रेघ, डोकं जरासं वाकलेलं,
ठेंगण्या दारात शिरताना वाकवतो तेवढंच.
मी हसलो. माझे आकडे वेगळे,
क्विंटलचे, किलोचे.
तेही आहे, म्हणाला. वाव म्हणजे सहा.

अन् अर्थ?
अर्थ कसला? दोघांच्या मधे उभं राहायचं.
पोथीच्या पहिल्याच ओळीत आहे,
आकाश, मग वाव, मग धरती.
ते नसतं तर दोन्ही आपापल्या वाटेनं गेली असती.

अहो, मी म्हटलं, हे तर आमचंच.
सही व अंगठा. मु. व पो. वाढोणा.
एवढा खूश झाला की चहाचे पैसे त्यानं दिले.
माझा व काढला आपल्याशेजारी, बराच वेळ पाहिला.
तुमच्याला पोट आहे, म्हणाला,
आमचा उपाशी उभा.

त्याच साली माझी अन् डोमाची वाटणी झाली.
कागद मीच लिहिला, अक्षर बरं म्हणून.
विहीर व इंजिन,
गोठा व कडब्याची गंजी,
दोन आंबे व बांधावरचा हिवर.
सतरा वेळा व आला त्यात.
खाली सह्या झाल्या
व आम्ही बोलणं सोडलं.

हस्केलला सांगितलं तेव्हा तो पट्ट्याला तेल देत होता.
हात पुसले. माझी वजनाची चिठ्ठी पालथी घातली,
तिच्यावर एक शब्द लिहिला, उजवीकडून.
शालोम. शांती.
त्यातला वाव मधोमध तोडला.

पोथी हातानं लिहितात, चामड्यावर.
एक अक्षर तडकलं तर अख्खी बाद.
हा एकच, एका जागी, मुद्दाम तुटका लिहायचा.
काहून?
लोक पुष्कळ कारणं सांगतात.
ती शांती ज्याला मिळाली
त्याच्या हातात भाला होता, ओला.
आजोबा मात्र दुसरंच म्हणायचे:
नीट बघ, डोकं व पाय अजून एकाच रेघेत आहेत.
मधे थोडा वाव आहे, बस.

हा शब्द त्यांचा की आपला,
मी विचारलं नाही.

मग जिन बंद पडलं. तो ठाण्याला लेकीकडे गेला.
खोलीच्या चौकटीवर, उजव्या हाताला,
तिरकी दोन भोकं राहिली खिळ्यांची.
तिथं एक नळी होती, जाता-येता तो तिला बोटं लावायचा.
परवा मीही लावली. आत भुंग्यानं घर केलंय.
आकडा मला देऊन गेला.
लाईट गेली की त्याला कंदील टांगतो.

काल डोमाला कार्ड लिहायला घेतलं, अकरा वर्षांनी.
चिरंजीव लिहू की नुसतं नाव, सुचेना.
कार्डावर घामाचं बोट उमटलं.
हस्केल सांगायचा, त्यांच्या पोथीत
जवळजवळ दर रकाना वावनं उघडतो,
जसं बोलणं मागूनच चालू आहे
अन् आपण फक्त पाणी प्यायला थांबलो होतो.

वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली:
व तुझ्या त्या तांबड्या गोऱ्ह्याचा
बैल कसा निघाला?