अ‍ॅट द रेट

निपाणीत तंबाखूचा भाव
कधी तोंडानं ठरला नाही.
अडत्याच्या हातावर टॉवेल पडायचा,
खाली बोटं बोटांना दाबायची,
वर दोघं पोराच्या लग्नाचं बोलत बसायची.
टॉवेल निघाला की सौदा झालेला.
मग बाबा टाईपरायटर पुढं ओढून
पट्टी करायचे :
बोद चौदा, @, आणि आकडा.

हे कुठलं अक्षर, मी विचारलं होतं.
बाबा, म्हणजे वखारीचे दिवाणजी दुंडाप्पा मगदूम,
तपकिरीचं बोट झटकून म्हणाले,
"ह्यो टॉवेलाखालचा ए.
झाकलाय बघ चौफेर."
आणि नाव? "अ‍ॅट द रेट. भावानं."

चिकोडीची पट्टी कानडीत यायची,
आमची मराठीत जायची,
मधला ए तेवढा दोन्हीकडं एकच.
ज्या वर्षी पाट्यांना डांबर फासलं
त्या वर्षी वळणावळणाची अक्षरं बुडाली,
ह्यांचीही, त्यांचीही.
ह्याच्या वाटेला कुणी गेलं नाही.
भांडायला ह्याला भाषाच नव्हती.

पुढं कधीतरी वाचलं :
सातासमुद्रापलीकडं कुणाला तरी
असं एक चिन्ह हवं होतं
जे कुणाच्याच नावात येत नाही.
पट्ट्यांतनं उरलेलं, कोपऱ्यात पडलेलं हे त्याला सापडलं.
माणूस इकडं, मशीन तिकडं,
मधे त्यानं हे उभं केलं.
कुठं म्हणे त्याला गोगलगाय म्हणतात,
कुठं माकडाचं शेपूट.
आम्ही रेट काही सोडला नाही.

वखार बसली.
बाबा विडी कारखान्यात हजेरीला गेले,
तिथंच गेले.
समोरच्या बोळात माझं झेरॉक्सचं दुकान.

काल सत्यव्वा आली, पीएफचा फॉर्म घेऊन.
ईमेल लागतोय म्हणाले, काढून दे.
मी टाईप करत मोठ्यानं म्हणत गेले :
सत्यव्वा, बावन्न, अ‍ॅट द रेट...
"रेट?" ती म्हणाली. "माझा? एष्टु?"

मी हसले.
ती हसली नव्हती.
बाबांच्या वहीत चाळीस वर्षं
असंच तर लिहिलेलं असायचं :
सत्यव्वा, विड्या हजार,
छाट वजा,
@
आणि पुढं जे काय असेल ते.
आधी नाव, मग हे, मग किंमत.
तिला वाचता येत नव्हतं,
क्रम पाठ होता.

"इथं दर नसतोय अक्का," मी म्हटलं.
"ह्याच्या पुढं तू कुठं असतीस ते येतंय."
ती काउंटरवर वाकली,
तंबाखूनं पिवळी झालेली नखं काचेवर टेकून
बराच वेळ बघत राहिली.
"मग निपाणी लिही की.
ह्यो जीमेल कोण?"

मला सांगता आलं नाही.
प्रिंट काढली. वीस झाले, म्हटलं.

तिनं पदर ओढून माझ्या हातावर टाकला
आणि खाली
एकच बोट दाबलं.