तू आधी दचकलीस

हाल्वार्डनं दार आतून लावलं,
हातमोजे काढले, एकावर एक नीट ठेवले,
आणि पोराला म्हणाला, "बस."
तेवढंच.
संगीत नाही, काही नाही.
पडद्यावर बर्फ पडत होता,
आपल्या खिडकीबाहेरही तोच.

सात गुरुवार मी या माणसावर जीव टाकला, ओड्नी.
पहिल्या भागात त्यानं पोराला पाठुंगळी घेऊन
पास्विक नदी ओलांडली, गोठलेली, करकरणारी.
चौथ्या भागात स्वतःच्या ताटातला मासा
त्याच्या ताटात सरकवला, तोही न बघता,
आपल्या माणसाला वाढतात तसा.
मी म्हणालोसुद्धा तेव्हा,
हा मरणार बघ, इतका चांगला आहे.
तू माझ्या स्वेटरची बाही विणत होतीस.
टाके मोजत होतीस. बोलली नाहीस.

तर तो उठला,
आणि खिडकीतला दिवा तळव्यानं दोनदा झाकला.
पलीकडच्या तीरावर, लाल-हिरव्या खांबामागे,
कुणीतरी काडी ओढली.
पोरगं अजून कोकोवर फुंकर घालत होतं.

मी रिमोट भिरकावला. मांजर थोडक्यात वाचलं.
फितूर, म्हणालो. खाल्ल्या मिठाला जागला नाही,
आणि मीठ म्हणजे खरंच मीठ,
तीन हिवाळे एका पिंपातला खारा मासा!
अस्तनीतला निखारा म्हणतात तो हा.
मग मला स्वेनुंग आठवला, गोदीतला,
संपाच्या वर्षी आमची नावं वर पोचवणारा.
कळलं तेव्हा उशीर झाला होता,
आपल्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी
त्यानंच हातात धरलं होतं.
तिचं डोकं किती सांभाळून धरलं होतं त्यानं.
ते खोटं होतं का? अजून ठरवता आलेलं नाही मला.

एवढं सगळं बोलून झाल्यावर
पाणी प्यायला उठलो, आणि नळापाशी थांबलो.

तू दचकलीस, ओड्नी.
पण दिवा झाकायच्या आधी.
त्याचा हात अजून मांडीवर होता
आणि तुझी सुई हवेत थांबली होती.
अर्धा सेकंद. फार तर पाऊण.

मी काही गुप्तहेर नाही. बोटींना रंग देतो.
पण बत्तीस वर्षं एका सोफ्यावर बसलं
की शेजारच्याचा श्वास पाठ होतो.

चहा केला. दोन कप. तुझ्यासमोर ठेवला.
"कधी?" विचारलं.
तू लपवलं नाहीस.
मी भावाबरोबर खेकड्यांवर गेलो होतो तो आठवडा.
वॉर्डातली म्हातारी पहाटे तीनला गेली,
तिचं माणूस विमानतळावर अडकलं होतं,
हात तुझ्याच हातात होता.
घरी आलीस. झोप येईना.
"कशाचा तरी शेवट हवा होता मला," म्हणालीस,
"जो माझ्या अंगावर पडणार नाही असा."
आणि सकाळपर्यंत बसून सगळा पाहिलास.
सगळे भाग.
म्हणजे तो मासा सरकवला तेव्हा,
तू टाके मोजत होतीस तेव्हा,
तुला माहीत होतं.

"सांगायचं होतंस."
"तुला तो इतका आवडत होता, आइलिफ.
म्हटलं, अजून एक गुरुवार.
मग अजून एक."

यावर भांडता येत नाही.
मी प्रयत्न केला, आलं नाही.
खाली रस्त्यावरून बर्फ सारणारी गाडी गेली,
तिचा पिवळा दिवा छतावरून फिरून गेला,
मांजर सोफ्याखालून बाहेर आलं,
तुझ्याच मांडीवर बसलं, अर्थात.

एक भाग उरलाय.
"पोरगं वाचतं का?" मी विचारलं.
"काय माहीत," म्हणालीस,
आणि सुई एका टाक्यातून दुसऱ्या टाक्यात गेली,
न अडखळता.