खंय म्हणून विचारू नये

आमच्या निवतीत होडी सुटताना
खंय म्हणून विचारू नये.
विचारलंच कुणी, नव्या जावयाने, बदलून आलेल्या मास्तराने,
तर तांडेल काही बोलत नाही.
होडी पुन्हा वाळूवर ओढतो,
एक विडी संपेपर्यंत बसतो,
मग नव्याने निघतो,
जणू आत्ताच घरातून आला.

विमानतळाच्या दारात बंदूकवाल्याने विचारलं, कहाँ?
मी पाठी वळले. खरंच वळले.
पाठी माणसं होती, बॅगांची चाकं होती,
विडीपुरतीसुद्धा जागा नव्हती.

हा सडा माझ्या टाचांना पाठ आहे.
याच कातळावरून मी परुळ्याच्या बाजाराला जायची
डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन.
भेटेल तो लांबूनच म्हणायचा, काय गो, लांब?
मी म्हणायची, हंयच.
हंयच म्हणजे परुळा. हंयच म्हणजे कुडाळचा दवाखाना.
एकदा तर हंयच म्हणजे
भांडून माहेरी, कायमची,
आणि चौथ्या दिवशी त्याच वाटेने परत.
तेव्हाही कुणी खोदून विचारलं नाही.

दीपश्रीला आठवा लागलाय
हे मी शेजारच्या कुबलणीला सांगितलेलं नाही.
पोटातलं पोटात ठेवावं, हवेला कळू देऊ नये.
काचेपलीकडच्या मुलाने विचारलं, हैदराबादला कशासाठी?
आणि मी सांगून बसले.
त्याने ते टकटक करून कुठेतरी पाठवलं.
कुठे, ते मी विचारलं नाही.
मला वाटलं, विचारू नये.

चष्मा काढा. पदर मागे. इथे बघा.
काळं, गोल, पापणी नसलेलं काहीतरी.
माणसाची दृष्ट मीठ-मिरचीने उतरते,
याची कशाने?

मग मांडीतली सळी वाजली.
कातळावर पडले होते त्या वर्षीची.
पडद्याआड एक पोरगी, थंड हातांची,
छातीवर नाव लिहिलेलं, मला वाचता न आलेलं.
जिथे घरधनीसुद्धा अंधारातच पोचला
तिथे ती दिव्याखाली पोचली
आणि सॉरी म्हणाली.
वाईट नव्हती ती.
विमानं उडवणारे असतात, टीव्हीवर मीही बघते.
समुद्रातून आले तेही बघितले.
तेव्हापासून आमचे पोरगे
कार्ड खिशात घेऊन पाण्यात जातात,
जणू बांगडा आधी ओळख विचारणार आहे.

पडद्यावर माझी पिशवी उघडी पडली होती न उघडता.
ओल्या नारळाचे लाडू, गोळ्यांची पाकिटं, पोलक्याचे हूक,
सगळं दिसत होतं, हाडं दिसावीत तसं.
एकच ठिपका काळा.
तिथून यंत्राला पुढे जाता येईना.
ये क्या है?
शिसं. जाळ्याचं.
किसलिए?
मला कारण सुचेना.
कनवटीला असतं. वर्षानुवर्षं असतं.
असां दे म्हणून.

साहेब आला, नागपूरकडचा, गोड बोलणारा.
मावशी, काहीतरी कारण सांगा ना.
नवऱ्याची आठवण म्हटलं असतं
तर कदाचित सोडलंही असतं त्याने.
पण नवरा घरी बसलाय, खोकतोय, जाळं शिवतोय.
मी गप्प राहिले.
शिसं गेलं प्लास्टिकच्या डब्यात,
लायटर, कात्री, कुणाचा तरी अडकित्ता, यांच्यात.
कनवट हलकी झाली तर चाल बिघडते,
हे साठाव्या वर्षी कळलं.

विमान वळलं तेव्हा खाली सडा होता,
तळव्याएवढा.
मग पांढरी रेघ. मग पाणी.
पाण्यात निवतीच्या होड्या, चार, नाही, पाच.
कोणती कुठे निघाली होती
ते वरून अगदी नीट दिसत होतं.

मी नजर काढून घेतली.