तिसऱ्याची सातवी पातळी

नसीमा म्हणते, नियमात बसतं.
चपळाई सतरा, शहाणपण पंधरा,
दोन्हीकडे तेराच लागतात.
घे हवी तर एक पायरी वैद्याची.
पण आधी सांग,
हा शिकला कुठं?

मेडिकलचं शटर अर्धं खाली.
आत आम्ही पाच जण, ओआरएसच्या खोक्यांवर
जुन्या कॅलेंडरच्या पाठीला काढलेला नकाशा.
राक्षस म्हणजे रातांब्याच्या बिया.
माझा संन्यासी, बाटलीचं निळं झाकण.

तिसरा त्याचं नाव.
मठाच्या पायरीवर सापडलेलं तिसरं पोर, म्हणून.
फैज पहिल्याच रात्री हसला होता,
तिसऱ्या? सुक्क्या की रश्शात?
दोन वर्षं चढवतोय मी त्याला.
चिलखत नाही, तलवार नाही,
उघडा हात, मोजलेला श्वास,
सुटलेला बाण हवेतच मुठीत.
सहा पायऱ्या झाल्या. सातवीवर
भीती त्याला धरूच शकणार नव्हती.

मागच्या शुक्रवारी
तेजलची बुटकी लोहारीण
तीनदा फासा टाकून तीनदा बुडाली,
आणि हा बाण पकडणारा
शेजारी बसून राहिला
रिकाम्या हातांनी.
तेजल म्हणाली, अरे, खेळ आहे.
कागदाची चौपदरी घडी करून
पर्समध्ये ठेवला. फाडला नाही.

उपेंद्रकाका पहिल्या रात्रीपासून जादूगार,
दुसरं काहीच नाही.
वीस पायऱ्या असतात पोरा, ते म्हणतात,
एक तिकडे दिलीस
की इकडची शेवटची तुला कधीच नाही.
एक ना धड, भाराभर चिंध्या.
दोन होड्यांवर पाय.

काका,
पहाटे पाच ते नऊ मी दुसरं काय करतो?
आपल्या हर्णैला ट्रॉलर वाळूला टेकत नाही.
तो लांब उभा, किल्ल्याच्या अंगाला,
आणि मी एक पाय त्याच्या काठावर,
एक होडीत,
बांगड्याची टोपली छातीवरून
तिकडची इकडे.
दोन्ही हलतात, आणि एका तालात नाही.
गुडघा ताठ ठेवला की गेलो.
हे मला कोणी शिकवलं नाही.
म्हणजे शिकवलं, पाण्यात पाडून.

काका फासा तळहातावर चोळत राहिले.

मग सांग ना, नसीमा म्हणते. कुठं?

सांगितलं.
लोहारीण गेली त्या रात्री
तिसरा मठाकडे वळला नाही.
किनाऱ्यावर एक बाई जाळं शिवत होती.
कोण, कुठला, विचारलं नाही तिने,
सुई दिली हातात, फाटलेली बाजू पुढे केली.
हा श्वास मोजत बसला तेव्हा म्हणाली,
मोज की, पण गाठ मारता मारता मोज.
बाण धरणाऱ्या बोटांना दोरा जड गेला.
नऊ दिवस नुसतं जाळं.
दहाव्या दिवशी एक पोर आलं लंगडत,
कालवाने चिरलेला तळपाय घेऊन.
बाईने त्याच्याकडे पाहिलंच नाही.
तिने माझ्या तिसऱ्याकडे पाहिलं.

एवढ्यात शटरखालून कोणीतरी वाकलं,
ताई, तापाचं औषध, धाकट्याला.
नसीमा उठली, वजन विचारलं पोराचं,
किती मिली ते दोनदा सांगितलं,
सुटे उद्या द्या म्हणाली,
आणि परत येऊन बसली
राक्षसांची मालकीण.

एक पायरी, ती म्हणाली. दिली.
टाक आठ बाजूंचा.

कोणावर? फैज म्हणाला, जखमी कोण आहे इथं?

तेजलने पर्स उघडली.
मेलेल्यावर चालत नाही हं, नसीमा म्हणाली.
माहीत आहे.
तिने तोच कागद उलटा केला,
कोऱ्या बाजूला पेन्सिलने नुकतंच
काहीतरी खरडलेलं होतं.
ते पोर मी, म्हणाली. लंगडणारं.
नाव अजून नाही. पाय दुखतोय.

मी फासा टाकला.
खोक्यावरून घरंगळून तो नकाशाबाहेर गेला,
काकांच्या चपलेशी थांबला.

दोन.

चालतील, म्हणाली तेजल.